भरतीची वाट : सीवूड्सच्या फ्लेमिंगो तलावाचं प्रकरण

पंचमीला भरती किती वाजता? करावे गावातला जुना मासेमार मोबाइल न काढता सांगेल. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. मी नवी मुंबईत नेरुळला राहायला आलो तेव्हा हा हिशेब मला ठाऊक नव्हता. आता संध्याकाळी तलावाकडे चक्कर मारायची की नाही, हे मी त्यावरूनच ठरवतो. भरतीचं पाणी खाडीतल्या चिखलावर चढायला लागलं की तिथे चरणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उठतात आणि थव्याने तलावात येऊन उतरतात. ओहोटी लागली की परत खाडीत.

२०२४ च्या उन्हाळ्यात मात्र हा हिशेब चुकला. तिथी बरोबर होती, भरतीही वेळेवर होती, पण तलावात पाणी नव्हतं. भेगाळलेला चिखल, मधे कुठे कुठे डबकं, आणि त्या चिखलातून आरामात चालत गेलेल्या कुत्र्यांच्या पावलांची रांग. हे सगळं पाम बीच रोडवरून चालत दहा मिनिटांवर, ज्या शहराने स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून चौकाचौकात गुलाबी पक्ष्यांचे पुतळे उभारलेत त्या शहरात.

जागा नेमकी कोणती ते आधी सांगतो, कारण नावांचा घोळ मोठा आहे. नेरुळ-सीवूड्सच्या खाडीकडच्या कडेला एकमेकांना लागून तीन पाणथळी आहेत. दिल्ली पब्लिक स्कूलच्या शेजारचा, सुमारे ३० एकरांचा डीपीएस तलाव. थोडं पुढे एनआरआय संकुलामागची पाणथळ. आणि तिला लागून, जहाजावरच्या अधिकाऱ्यांना शिकवणाऱ्या टी. एस. चाणक्य संस्थेजवळची. पक्ष्यांच्या दृष्टीने हा एकच सलग पट्टा. कागदावर मात्र तिघींचं नशीब वेगवेगळं निघालं.

पक्ष्याला तलाव कशाला लागतो

ठाणे खाडीत रोहित मोठ्या संख्येने दिसायला लागले ते १९९० च्या दशकात. आता हंगामात त्यांची गणती लाखाच्या वर जाते. यातले बहुतेक लहान रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो. चिखलातलं नील-हरित शेवाळ हे त्यांचं मुख्य खाणं, आणि आपल्या सांडपाण्यावर ते शेवाळ पोसलं जातं असा अभ्यासकांचा कयास आहे. (म्हणजे पाहुण्यांच्या जेवणाची सोय आपण केली, तीही गटारातून. याचा अभिमान बाळगावा की लाज, मला अजून ठरवता आलेलं नाही.) सरकारने ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला. २०२२ मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत आली. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर राज्यातलं हे तिसरं रामसर स्थळ.

अभयारण्याची सीमा खाडीत आहे, आणि भरतीच्या वेळी त्या सीमेच्या आत पक्ष्याला उभं राहायला जागा नाही. चिखल चार-सहा तास पाण्याखाली जातो, उरतं ते तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, जंगल, आणि तिवरांच्या दाटीत रोहित बसत नाही. त्याला गुडघ्यापर्यंतचं उथळ पाणी लागतं, चहूकडे नजर पोचेल असा मोकळा आवाका लागतो, आणि उडण्याआधी पाण्यावरून धावायला लांब पट्टी लागते. म्हणजे त्याचा दिवस दोन घरांत वाटलेला: ओहोटीचं घर खाडीत, भरतीचं घर या तलावांत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या भरतीच्या घरांना उपग्रह पाणथळी म्हणते. भांडुप पंपिंग स्टेशनपासून उरणच्या पाणजेपर्यंत त्या विखुरलेल्या आहेत. अभयारण्य जाहीर करताना एका घराला कुलूप लावून राखण केली आणि दुसरं घर प्लॉट म्हणून नकाशावर मोकळं सोडलं, असा तो प्रकार.

हे पक्षी कुठे जातात-येतात ते कळावं म्हणून याच सोसायटीने २०२२ मध्ये काही रोहितांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले. त्यातल्या एकाचं नाव ‘सलीम’, एकाचं ‘हुमायून’, आणि एकाचं चक्क ‘नवी मुंबई’.

खाजण, मिठागर, होल्डिंग पॉन्ड, भूखंड

नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. या किनारपट्टीवर तेव्हा भातशेती होती, मिठागरं होती, खाजणं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी, होती. आगरी-कोळी माणसाचं सगळं गणित बांधावर आणि उघाडीवर चालायचं. मातीच्या बांधाने खारं पाणी शेताबाहेर थोपवायचं, आणि बांधात उघाडी, म्हणजे झडप, ठेवायची. ओहोटीला आतलं पाणी ढकलून झडप उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने बंद होते. मिठागरात उलटं, तिथे भरतीला मुद्दाम आत घ्यायचं. कोणतं पाणी कधी आत, कधी बाहेर, हे ठरवणारा माणूस गावात असायचा.

नव्या शहराने ही युक्ती उचलली. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे. म्हणून खाडीकाठी बंधारे घातले आणि त्यांच्या आत होल्डिंग पॉन्ड खोदले. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर पावसाचं पाणी तिथे साठतं, ओहोटी लागली की खाडीत जातं. २६ जुलैच्या रात्री मुंबई बुडाली तेव्हा आमच्याकडची मंडळी याच तलावांचे गोडवे गात होती.

आज यातल्या काही तलावांचा गाळ वर्षानुवर्षं उपसलेला नाही, कारण त्यात खारफुटी वाढली. खारफुटीला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती लागावी हे योग्यच आहे. पण गाळ साचला की तलाव उथळ होतो, तिवर आणखी पुढे सरकतात, आणि पुराला आणि पक्ष्याला, दोघांनाही जागा उरत नाही. चाणक्यच्या पाणथळीतही मोकळ्या चिखलावर तिवरांनी पाय पसरलेत. ‘हात लावू नका’ एवढ्याने पाणथळ टिकत नाही. तिथे उघाडी सांभाळणारा माणूस लागतो, आणि नव्या शहराच्या आकृतिबंधात त्या पदाला नाव नाही.

जमीन घेतली गेली ती ‘सार्वजनिक हितासाठी’. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्यावर शेतकऱ्यांचं रक्त सांडलं, त्या लढ्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळाले. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवली की पुढची गोष्ट जास्त टोचते. त्याच संपादित किनाऱ्यावर, नेरुळच्या सेक्टर ६० मध्ये, एनआरआय-चाणक्यच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि निवासी संकुल उभारायचं ठरलं.

गोल्फ कोर्स

स्थानिक रहिवासी आणि त्यांची एक पर्यावरण संस्था याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये निकाल लागला: ही जागा पाणथळ आहे, आणि इथे गोल्फ कोर्स आणि घरं बांधण्याचा मार्ग मोकळा करणारे निर्णय रद्द. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि रियाझ छागला यांच्या खंडपीठाने खारफुटीबद्दलचा तो मोठा निकाल दिला होता. खारफुटीची कत्तल म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भंग, आणि खारफुटीभोवती ५० मीटरचा बफर राखायचा. एका पावसाळ्यापाठोपाठ दोन निकाल. आमच्या बाजूच्या बाकड्यांवर त्या दिवाळीत फारच उत्साह होता.

सिडको आणि विकासक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि प्रकरण तिथे रेंगाळलं.

त्यात जो युक्तिवाद पुन्हा पुन्हा ऐकू येतो तो नीट समजून घेण्यासारखा आहे. इथे पाणी आहे हे कोणीच नाकारत नाही. म्हणणं एवढंच, की हे ‘पाणथळ’ या व्याख्येत बसत नाही. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी नदीपात्र, भातखाचरं, आणि पिण्याचं पाणी, मत्स्यशेती, मीठ, करमणूक किंवा सिंचन यांसाठी माणसाने केलेले जलसाठे व्याख्येतून वगळले आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर ही वजाबाकी करून बघा. ज्या जमिनीला दोनशे वर्षांत कधी ना कधी बांध घातला गेला, मीठ पिकलं किंवा भात लावलं, ती सगळी वजा होते. मग शिल्लक काय राहतं? ‘हे तर जुनं मिठागर’, ‘हा तर आम्ही केलेला तलाव’, एवढं म्हटलं की झालं. पक्ष्याला जमिनीचा सातबारा वाचता येत नाही, ही त्याची चूक.

दुसऱ्या बाजूला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्येच, इस्रोच्या उपग्रह नकाशांवरून नोंदल्या गेलेल्या २,०१,५०३ पाणथळींना नियमांचं तत्त्व लावून जपा, असं सांगितलं होतं. सव्वादोन हेक्टरहून मोठ्या पाणथळींचा तो आकडा. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या नकाशांनुसार तो २,३१,१९५ झाला आणि राज्यांना जागेवर जाऊन पडताळणी करायला सांगितलं गेलं. म्हणजे आकाशातून दिसलेली पाणथळ तहसील कचेरीत पोचेपर्यंत पाणथळ राहते का, हा खरा सामना आहे.

मधल्या काळात महापालिकेचा प्रारूप विकास आराखडा आला, त्यात यातल्या जागा निवासी पट्ट्यात दाखवलेल्या. हरकती गेल्या, मानवी साखळ्या झाल्या. शनिवारी सकाळी हातात फलक घेऊन उभ्या राहिलेल्या त्या रांगेत निम्म्याहून जास्त लोक अशा इमारतींत राहणारे होते ज्या स्वतः कधीकाळच्या खाजणावर उभ्या आहेत. माझीही त्यातच. यावर कुत्सित हसणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझं उत्तर असतं की पावसाळ्यात तळमजल्यावरच्या वाहनतळात गुडघाभर पाणी भरल्यावर माणसाला होल्डिंग पॉन्डचं महत्त्व फार लवकर कळतं.

नळ कुठे बंद झाला

आता डीपीएस तलावाकडे येऊ. इथे गोल्फ कोर्स नव्हता, टॉवर नव्हता. एका रात्रीत डंपरने भराव टाकला असंही झालं नाही. इथे नेरुळची प्रवासी जेट्टी झाली, आणि तिच्याकडे जाणारा रस्ता झाला. खाडीतून तलावात भरतीचं पाणी आणणाऱ्या वाटा त्या कामात बुजल्या.

एवढंच. तलावाला कोणी हात लावला नाही.

पण भरती-ओहोटीवरची पाणथळ म्हणजे टाकी नव्हे. दिवसातून दोनदा खारं पाणी येतं, बाहेर जातं, त्यावर तिचा श्वास चालतो. वाट अरुंद झाली की आधी लहान भरतीचं, म्हणजे भांगाचं, पाणी पोचेनासं होतं. उधाणाला, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, थोडं शिरतं, म्हणून लांबून पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. मग तेही थांबतं. आतलं साचलेलं पाणी उन्हात आटतं. आटलं नाही तर पावसाच्या आणि गटाराच्या गोड्या पाण्याने साकळतं आणि त्यावर हिरव्या शेवाळाची जाड साय धरते. ही साय आणि रोहिताचं खाणं असलेलं सूक्ष्म शेवाळ यांत फरक आहे. सायीखाली पक्ष्याला चोचही घालता येत नाही. दोन्ही अवस्था या तलावाने पाहिल्या, आधी कोरड, मग साय.

पाणी आटल्यावर पुढच्या गोष्टी आपोआप घडत जातात. पाणी होतं तोवर कुत्र्यांना मधे जाता येत नव्हतं, आता येतं. नेहमीची जागा सापडत नाही म्हणून थवे कमी उंचीवरून घिरट्या घालतात, रस्त्याजवळ उतरतात, पांढऱ्या दिव्यांच्या झगमगाटात बावचळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये जेट्टीजवळच्या मोठ्या फलकाला धडकून काही रोहित मेले. एप्रिलमध्ये तलावाच्या आसपास आणखी मेलेले, जखमी झालेले सापडले. त्यातल्या काहींना कुत्र्यांनी धरलं होतं. २० मे च्या रात्री घाटकोपरच्या पंतनगरवर उतरत्या विमानाला थवा धडकला आणि तीसहून जास्त रोहित घरांच्या गच्च्यांवर, गल्ल्यांत पडले. त्या थव्याचा आणि आमच्या आटलेल्या तलावाचा संबंध आहेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. अनेकांनी तसं म्हटलं. मात्र भरतीची घरं मोडली तर पक्षी विमानाच्या वाटेत येतील, हा इशारा पक्षीतज्ज्ञ बऱ्याच आधीपासून देत होते, आणि त्यांच्या मनात होता तो पनवेलकडचा नवा विमानतळ. त्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. तलावापासून तो आकाशातून काही मिनिटांवर आहे.

या सगळ्यात भराव टाकणारा कोणी नाही, हे लक्षात घ्या. म्हणून तक्रार तरी कशाची नोंदवायची? ‘भराव टाकला’ याला पंचनामा आहे. ‘पाणी आलं नाही’ याला रकाना नाही. आणि तलाव दोन-तीन वर्षं कोरडा राहिला की कोणीही जागेवर येऊन खरंखुरं सांगू शकतो, बघा, इथे पाणथळ कुठे आहे? माझ्या मते गोल्फ कोर्सपेक्षा हे जास्त धोक्याचं. गोल्फ कोर्सला निदान निविदा काढावी लागते.

काय झालं त्यानंतर

मेलेल्या पक्ष्यांचे फोटो देशभर गेले. नॅटकनेक्टसारख्या पर्यावरण संस्थांनी राज्यापासून केंद्रापर्यंत निवेदनांचा सपाटा लावला. पारंपरिक मासेमारांची त्यांना साथ होती, आणि ती मला महत्त्वाची वाटते. पक्षीप्रेमी हंगामात येतो, पण चिंबोरी आणि निवटी धरणाऱ्याला पाण्याची वाट बारा महिने ठाऊक असते. कोणत्या जागी रस्त्याखालून पाणी यायचं हे आराखड्यापेक्षा त्यांच्या बोटाने जास्त नेमकं दाखवलं जातं.

सरकारने २०२४ मध्ये उच्चस्तरीय समिती नेमली. समितीने तलाव राखीव करण्याची आणि पाण्याच्या वाटा मोकळ्या करण्याची शिफारस केली. जागा अधिसूचित पाणथळ नाही, शहर विकासासाठी ठेवलेली आहे, ही सिडकोची भूमिका होती. वाटा काही वेळा उघडल्या गेल्या, पुन्हा तुंबल्या, परत उघडल्या. शेवाळाची साय गेली तसे पक्षीही परतले.

आणि १७ एप्रिल २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य वन्यजीव मंडळाने हा ३० एकरांचा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. ठाणे खाडी अभयारण्याच्या उपग्रह पाणथळींपैकी असं संरक्षण मिळण्याची ही पहिलीच वेळ.

निवड चतुर आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-अ प्रमाणे, अभयारण्याला लागून असलेली किंवा दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणारी सरकारी मालकीची जागा स्थानिकांशी सल्लामसलत करून अशी राखीव करता येते. अभयारण्यासारखी हक्कांची लांबलचक चौकशी लागत नाही, आणि व्यवस्थापनाला सल्ला द्यायला समिती असते, जिच्यात वनखात्याबाहेरची माणसंही बसतात. शिवाय ‘पाणथळ’ या शब्दाच्या व्याख्येचा वाद पूर्ण बाजूला पडतो. मिठागर म्हणा, होल्डिंग पॉन्ड म्हणा, डबकं म्हणा, वन्यजीव कायद्याला त्याचं देणंघेणं नाही. पक्षी येतो का, जागा सरकारी आहे का, एवढंच तो विचारतो. पाणथळ नियमांच्या दारावर दहा वर्षं डोकं आपटल्यावर शेजारचं दार उघडं सापडलं, आणि ज्या संपादनाने ही जमीन गावाकडून काढून घेतली, त्याच सरकारी मालकीमुळे ते उघडता आलं. यातला विरोधाभास गावातल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही.

मंजुरी डीपीएस तलावापुरती आहे. पलीकडची एनआरआय-चाणक्यची पाणथळ तीत नाही. भरती आली की थवा कधी इकडे उतरतो, कधी तिकडे, वाऱ्यावर आणि पाण्याच्या खोलीवर ते ठरतं. आसपासच्या घरसंकुलांचे प्रश्नही तसेच आहेत. रात्रभर जळणारे प्रखर दिवे, फटाके, कठड्यावरून टाकलेले पावाचे तुकडे आणि त्यामागे येणारी कुत्री, ‘वास येतो, डास होतात, काहीतरी करा’ असे व्हॉट्सॲपवरचे निरोप. डास साचलेल्या पाण्यावर होतात. भरती-ओहोटी खेळत राहिली तर वासही कमी आणि डासही, हे मी आमच्या गटावर किती वेळा लिहिलं असेल, मोजलेलं नाही.

तलावाकडे गेलात तर पक्ष्यांआधी एक गोष्ट पाहा. रस्त्याच्या कडेने, पाणी जिथून आत येतं त्या तोंडाशी जाऊन उभे राहा. काही विशेष दिसणार नाही. थोडा चिखल, थर्माकोलचे तुकडे, नारळ, देवाच्या निर्माल्याची पिशवी. उधाणाचा दिवस असेल तर भरतीच्या तासभर आधी तो नारळ हलायला लागतो. आधी जागच्या जागी गिरकी घेतो, मग हळूहळू आतल्या बाजूला सरकतो. परवा द्वादशी होती. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. मी आठ वाजता जाऊन उभा राहिलो होतो. साडेआठपर्यंत नारळ होता तिथेच होता, मग एका मुलाने काठीने तोंडाशी अडकलेली गोणी ओढून काढली.